सीट पुढं कोण ओढतंय?

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे.

सत्यभामामावशी जन्मभर बँकेत होती. खोटी नोट आणि खोटा माणूस तिला हाताला लागताच कळतो. भुताची गोष्ट सांगणाऱ्याला ती फक्त "बरं, पुढं?" एवढंच विचारते, आणि तो माणूस आपोआप गप्प होतो.

ही गोष्ट तिनंच मला सांगितली. मला एकदाही "पुढं?" विचारता आलं नाही.

जागा चिकलठाण्याची. विमानतळाच्या भिंतीजवळची नवी सोसायटी, तिचं खालचं उघडं पार्किंग. वेळ गेल्या मार्गशीर्षातली, दिवेलागणीची. भुतं मध्यरात्रीच येतात असं लोक धरून चालतात. तसा काही नियम नाही.

आधी गाडीचं सांगतो.

घरात एकच गाडी. पांढरी, छोटी. इंद्रजीतकाका एमआयडीसीत शिफ्टला, मावशी बँकेत. कधी गाडी ते न्यायचे, कधी ती. काका सहा फुटांच्या वर. मावशी इतकी बुटकी, की लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं तिला पाटावर उभं केलं होतं. पाट फोटोत दिसतो.

काका गाडीतून उतरताना सीट पार पुढं ओढून ठेवायचे. आरसा खाली वळवायचे. मावशीसाठी.

मावशी उतरताना सीट पार मागं ढकलायची. आरसा वर करायची. काकांसाठी.

हे दोघांनी कधी ठरवलं नव्हतं. कधी त्यावर बोललेही नव्हते. काही घरांत नवरा-बायको एकमेकांना "जेवलास का" विचारतात. यांच्याकडं सीट होती.

श्रावणात एका रविवारी काका दुपारचं जेवून आडवे झाले. छातीवर पेपर होता. चहाला हाक मारली तेव्हा पेपर हलत नव्हता...

गाडी खाली उभी होती. सकाळी भाजी आणायला काकाच घेऊन गेले होते.

सीट पुढं ओढलेली होती.

दहाव्याला कायगाव टोक्याला पिंडाला कावळा शिवेना. काकांचे धाकटे भाऊ सखाराम हात जोडून एकेक शब्द देत होते. "दादा, वहिनींना सांभाळू." कावळा फांदीवर. "दादा, वहिनींना एकटं पडू देणार नाही." कावळा चोच पुसतोय. ऊन चढलं, भटजींनी घड्याळ बघितलं. शेवटी सखाराम वैतागून म्हणाले, "दादा, गाडी विकणार नाही."

कावळा खाली आला.

इतक्या वर्षांच्या संसाराला कावळ्यानं भीक घातली नाही, गाडीला घातली. नातेवाईक तोंड लपवून हसले. मावशीही हसली. मग घरी येऊन तिनं गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि सांगून टाकलं, "मी आता त्या गाडीला हात लावणार नाही."

म्हणजे विकायची नाही आणि चालवायचीही नाही. गाडीवर धूळ चढली. खाली कुत्रीनं पिल्लं घातली.

सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब मूळचे वैजापूरकडचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळं कुठंही काही साचलेलं दिसलं की त्यांना राहवत नाही. ते मावशीकडं आले.

"वहिनी, गाडी उभी राहून सडती. मंडळ काढू."

"कसलं मंडळ?"

"गाडीचं. इथं निम्म्या लोकांकडं गाडी नाय. ज्याला लागंल त्यानं न्यायची, पेट्रोल ज्याचं त्यानं टाकायचं. भाडं घ्यायचं नाय, नाहीतर आरटीओवाला आपलंच मंडळ विसर्जन करीन."

"आणि यांना दिलेला शब्द?"

"विकत थोडीच हाय? चार लोकं वापरतील, दुवा देतील. इंद्रजीतरावांना बरंच वाटंल की."

मावशीनं किल्ली दिली. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू फोडलं, आणि मंडळ सुरू झालं. लोक खरंच वापरू लागले. कुणी स्टेशनला, कुणी दवाखान्यात. दुसऱ्या मजल्यावरच्या हैदरच्या बायकोला, ताहेराला, दिवस गेले होते. तिला रिक्षाचे धक्के नकोत म्हणून हैदरनं सगळ्यात आधी नाव दिलं. हैदर उंचीनं काकांसारखाच. फॅन चालू असेल तर त्याला खोलीत वाकून शिरावं लागतं.

नियम एकच होता. गाडी जशी घेतली तशी परत ठेवायची.

आणि तिथंच सुरू झालं...

पहिली तक्रार हैदरची आली. मंडळाच्या ग्रुपवर. "सीट एवढी पुढं कोण ओढतंय? गुडघे स्टिअरिंगला लागतात."

कुणीच कबूल होईना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सीट पुढं. तिसऱ्या दिवशीही. आरसा खाली वळलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या श्रेयावर संशय आला, कारण ती बुटकी. श्रेयानं लिहिलं, "मी बुटकी आहे, पण एवढी नाही. माझेसुद्धा गुडघे लागतात." मग कुणीतरी आप्पासाहेबांच्या उंचीवर घसरलं. आप्पासाहेब चार दिवस ग्रुपमधून बाहेर.

मावशी हे सगळं वाचत होती. तिनं एक शब्द लिहिला नाही.

एका संध्याकाळी हैदर आणि ताहेरा तिच्या दारात आले. हैदरच्या हातात किल्ली. तोंड पांढरं.

"काकू, बसू का जरा?"

"बस. काय झालं?"

"मघाशी गाडी लावली खाली. सीट मागंच होती, मी बसलेलोच होतो ना तिच्यावर. उतरलो, लॉक केली. किल्ली ही माझ्या हातात. दहा पावलं आलो असेन..."

त्यानं किल्ली खाली ठेवली.

"मागून आवाज आला."

"कसला?"

"खर्रर्र... खट्."

मावशीच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

"वळून बघितलं. गाडीत कोणी नाही. दारं बंद. सीट पुढं गेलेली, काकू. अल्ला कसम."

"तब से ऐसेच बैठे हैं," ताहेरा म्हणाली. "चाय भी नै पिये. मैं बोली, काकू को पूछो, गाडी उनकी है."

"माझं काय त्यात," मावशी म्हणाली. "रूळ सैल झाला असेल."

तिनं दोघांना चहा पाजला. ते गेल्यावर दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

तो आवाज तिला पाठ होता. काका गाडी लावून वर यायचे, त्याच्या आधी तो आवाज यायचा. खर्रर्र... खट्. खिडकीतून तो ऐकूनच ती भाकरी तव्यावर टाकायची.

आप्पासाहेबांनी रीतसर मार्ग काढला. मेकॅनिकला बोलावलं. कडूबा त्याचं नाव. त्यानं सीटखाली बॅटरी मारली, दांडा दोनदा ओढून बघितला.

"रूळ चांगला हाय. उतारावर सीट मागं जाईल एकवेळ. पुढं यायला माणसानं ओढावं लागतं तिला."

"मग?"

"मग काय, तारेनं बांधून टाकतो."

त्यानं सीट मागं ढकलली आणि दांडा तारेनं पक्का आवळला.

सकाळी सीट पुढं होती.

तार तुटलेली नव्हती. सोडवलेली होती. तिचं वेटोळं करून डॅशबोर्डवर ठेवलेलं होतं.

आप्पासाहेबांनी ते वेटोळं मावशीला दाखवायला आणलं. तिनं तळहातावर घेतलं. दोन बोटांवर गुंडाळून, मधोमध शेवटचा एक फेरा. काकांनी आयुष्यात तार, सुतळी, नाडा, काहीच फेकलं नाही. घरात अजून एक डबा भरून अशी वेटोळी आहेत.

"कुणाचं काम असंल हो?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"काय माहीत," मावशी म्हणाली. वेटोळं तिनं परत दिलं नाही.

त्या दिवसापासून गाडीला कुणी हात लावेना. आप्पासाहेब किल्ली घेऊन पुन्हा आले. या वेळी चप्पल दाराबाहेर काढून, हळूच.

"वहिनी, लोकं भ्यालीत. मंडळ बंद पडतंय. सोयगावचं एक गिऱ्हाईक हाय, उद्या सकाळी येतंय. माझं ऐका, देऊन टाका."

मावशीनं सखारामला फोन लावला. "भावजी, तुम्ही शब्द दिला होता."

"वहिनी, कावळ्याला दिलेला शब्द तो," सखाराम म्हणाले. "कावळा काय कोर्टात जाणारे?"

मावशीनं फोन ठेवला.

सोयगाव... तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. हे तिथं जातील. अनोळखी घराच्या अंगणात रोज सीट पुढं ओढतील. कुणासाठी? ती माणसं शिव्या देतील, सीट मागं ढकलतील. हे परत ओढतील. आणि ती बसायला कधी येणारच नाही.

दिवे लागले तेव्हा ती किल्ली घेऊन खाली उतरली.

पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. एरवी गाडीखाली लोळणारी पिल्लं लांब भिंतीशी बसली होती. एकही भुंकलं नाही.

तिनं दार उघडलं. बसली.

सीट बरोब्बर होती. पाय क्लचला पोचले. आरशात मागची काच दिसली, जेवढी तिला लागते तेवढीच. काही म्हणता काही हलवावं लागलं नाही.

श्रावणानंतर घरातली एकही वस्तू तिला अशी बरोब्बर आली नव्हती.

तिनं गाडी सुरू केली.

जालना रोडला लागली. केंब्रिज चौकाकडं निघाली. तिसरा गिअर ती नेहमी उशिरा टाकते. काका शेजारी असले की म्हणायचे, "इंजिन रडतंय, टाक." आता इंजिन रडत होतं. ती वाट बघत राहिली...

कुणी काही म्हणालं नाही.

"मी घाबरले नव्हते रे," तिनं मला सांगितलं. "काहीतरी होऊ दे म्हणत होते. काहीच झालं नाही. सगळा रस्ता बाजूची सीट रिकामी. नुसती रिकामी."

चौकातून वळून ती परत आली. डोक्यावरून विमान उतरलं, त्याच्या आवाजात तिनं मोकळं रडून घेतलं. गाडी जागेवर लावली. इंजिन बंद केलं. पदरानं स्टिअरिंग पुसलं, पर्स घेतली, आणि उतरता उतरता...

हात आपोआप सीटखाली गेला.

खर्रर्र... खट्.

तिनं सीट पार मागं ढकलली होती. आरसा वर केला होता. काकांसाठी. जन्मभराची सवय.

दार लावल्यावर तिच्या लक्षात आलं.

ती जिन्याशी थांबली. मागून आवाज येईल म्हणून कान लावला. पार्किंगचा दिवा गुणगुणत होता. भिंतीपलीकडं कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं.

आवाज आला नाही.

पहाटे ती किल्ली उशीखालून काढून खाली गेली. मार्गशीर्षातलं दव पडलं होतं. पार्किंगच्या कडेला लावलेल्या सगळ्या स्कूटर ओल्या होत्या, सीटवर बोट ओढलं तर रेघ उमटत होती. आमची गाडीही त्याच रांगेत, उघड्यावर.

ती कोरडी होती.

मावशीनं बॉनेटवर हात ठेवला.

कोमट होतं...

आत सीट मागंच होती. आरसा वर.

सोयगावचं गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. आप्पासाहेबांनी आठवडाभर सीट तपासली. हलली नाही. पुन्हा कधीच हलली नाही. ठेवाल तिथं राहते. मंडळ छान चाललंय, आता तर नावं नोंदवून थांबावं लागतं. ताहेराला कळा सुरू झाल्या तेव्हा हैदरनं याच गाडीतून नेलं. मुलगी झाली, सुमय्या. पेढ्याचा पहिला डबा मावशीच्या दारात. हैदर सगळ्यांना सांगतो, "काकूंनी फेरी मारली, तेव्हापासून गाडी शहाणी झाली."

सगळे खूश आहेत.

मावशी म्हणते, "मी पुढंच ठेवायला पाहिजे होती रे. मला परत यायचंय, असं त्यांना कळलं असतं. मी मागं ढकलली. म्हणजे काय झालं? आता तुमची पाळी. न्या."

तिनं नंतर खूप प्रयत्न केले. सीट पुढं ठेवून बघितली. मागं ठेवून बघितली. मधे ठेवून बघितली. गाडी कशालाच उत्तर देत नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडं गेलो होतो. संध्याकाळी गाडी घेऊन दूध आणायला गेलो, परत येऊन लावली. मी काकांच्याच अंगलटीचा. वर आलो तर मावशी अंधारात खिडकीशी उभी होती. तवा गॅसवर, रिकामा तापत होता.

"सीट कुठं ठेवलीस?"

"होती तशीच. मागं."

"हात नाही लावलास?"

"नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग खिडकीबाहेर.

"मग मला आवाज कसला आला?"

मला काही आवाज आला नव्हता. मी खाली जाऊन बघून येतो म्हणालो. तिनं माझा दंड धरला.

"नको जाऊस," ती म्हणाली. "बघू नकोस."

आणि वळून तिनं तव्यावर भाकरी टाकली.

मी सकाळी निघालो तो रिक्षानं. गाडीजवळून जाताना मान वळवली नाही. सीट कुठं होती ते मला माहीत नाही. तिनंही, मला वाटतं, अजून बघितलेलं नाही.