हरिद्वारच्या वाटेवरून

मोटारसायकलीनं बंद पडायला जागा तरी कुठली निवडावी? बरोबर गणपतराव मास्तरांच्या दारात!

"व्हय वैनी, वाईच पाणी मिळंल का?" गाडी ढकलून घामाघूम झालेल्या पैलवानी अंगाच्या माणसानं विचारलं.

दारात उभ्या असलेल्या कालिंदीनं भुवया उंचावल्या. "वैनी? कुणाची?"

तो बिचारा गडबडला. हँडल धरून उभा असलेला दुसरा, उंच, शिडशिडीत, नाकावर ग्रीसचा डाग मिरवणारा, हसू दाबायच्या खटपटीत होता. "माफ करा हं. आमचा बाळासो शिरोळचा. त्याला दिसेल ती बाई वहिनीच वाटते."

"आणि तुम्हाला?"

"मला... तहान लागलीय."

कालिंदी पाणी आणायला वळली, पण ओठांवर आलेलं हसू काही तिला आवरलं नाही.

त्याचं नाव त्र्यंबक. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात तो इंजिनं जोडायचा. मिलिटरीच्या लिलावातली ही मोटारसायकल त्यानं वर्षभर खपून चालती केली होती, आणि आता तिच्यावरून दोघं मित्र थेट हरिद्वारला जायच्या तयारीत होते. बाळासोच्या आईला गंगेचं पाणी हवं होतं. त्र्यंबकला मात्र नुसता रस्ता हवा होता.

हे ऐकून आतल्या खाटेवरून गणपतराव ताडकन उठून बसले. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला, पण पुण्याच्या पलीकडचा हिंदुस्थान पाहिला तो नकाशातच. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर हिरवी पट्टी. तरी त्यांनी नकाशा काढायला लावला आणि बोटानं चाचपत आग्रा रोड समजावून दिला.

"एक अट आहे," ते म्हणाले. "प्रत्येक मुक्कामावरून मला कार्ड टाकायचं. नदी केवढी, माती कसली, पीक कुठलं. माझं उत्तर पुढच्या गावच्या पोस्टात तुमची वाट बघत असेल. वाचायला-लिहायला आमची कालिंदी आहे."

"मग तर नक्की टाकतो," त्र्यंबक म्हणाला, आणि नकाशा सोडून भलतीकडेच बघत राहिला.

परक्या मुलीला पत्र लिहिणं म्हणजे त्या काळी पेठभर बोभाटा. पण मुलीच्या वडिलांना लिहायला कुणाची आडकाठी?

मार्गशीर्षात दोघं निघाले. पहिलं कार्ड नाशिकहून आलं. गोदावरीची हकिकत झाल्यावर खाली लिहिलं होतं, 'बाळासो मागे बसला की चढावर पुढचं चाक उचलतं. म्हणून घाट आला की तो चालतो, मी बसतो.' कालिंदी खळखळून हसली. मास्तरांनी उत्तर सांगितलं, तिनं लिहून घेतलं... आणि काय मनात आलं कोण जाणे, शेवटी एक ओळ आपल्याच पदरची घातली — 'थंडी फार असेल. कानाला मफलर बांधता ना?'

इंदूरचं कार्ड वाचता वाचता ती अडखळली.

"थांबलीस का? वाच की."

"'नर्मदा ओलांडली. काठची माती काळी. आणि... आपण विचारलंत म्हणून सांगतो, मफलर बांधतो. पण बाजारचा आहे, कुणी विणून दिलेला नाही.'"

"मी कधी विचारलं मफलरचं?"

"विचारलंत की अण्णा! विसरलात तुम्ही."

"असेल बाबा," मास्तर पुटपुटले.

त्या उत्तरात कालिंदीनं लिहिलं, 'कुणी विणून द्यावा असं वाटतं का?' आग्र्याहून उत्तर आलं, 'वाटतं. फार वाटतं. आज तासभर यमुनेकाठी बसून होतो. तिच्या दुसऱ्या नावाची आठवण झाली.' हे मात्र तिनं मोठ्यानं वाचलं नाही. "यमुना रुंद आहे म्हणतात," एवढंच सांगून ती घाईघाईनं आत पळाली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मिरजेच्या मंडळींचं पत्र आलं. त्यांनी दिवाळीत कालिंदीला पाहिलं होतं. मुलगी पसंत आहे, संक्रांतीपर्यंत काय ते कळवा. मुलगा वकील, घर चांगलं, नाव ठेवायला जागा नाही. दिल्लीला पाठवायच्या पत्रात कालिंदीनं ती बातमी दोन ओळींत लिहिली. पुढे काही विचारायचा धीर तिला झाला नाही.

मग दिल्लीहून काहीच आलं नाही. आठ दिवस गेले, बारा गेले. रोज दुपारी पोस्टमन पुढच्या घराकडे निघून जायचा आणि कालिंदी दार लोटून घ्यायची.

भोगीच्या सकाळी मास्तरांनी हाक मारली. "कागद घे. मिरजेला कळवायचं. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आमची मुलगी...'"

कालिंदीनं टाक खाली ठेवला. "अण्णा, हे पत्र मी नाही लिहिणार. मला... मला त्र्यंबकराव आवडतात."

मास्तर तिच्याकडे वळले. "डोळ्यांवर पट्टी होती माझ्या, कानांवर नव्हती. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं येतात, हे कळत नव्हतं होय मला? पण पोरी, कार्डावरच्या चार ओळींच्या भरवशावर चांगलं स्थळ कसं सोडू? तो तोंडानं काही बोललाय? आज संध्याकाळपर्यंत थांबतो. मग मात्र तू लिहायचंस."

तो दिवस काही सरता सरेना. ऊन कलायला लागलं, आणि गल्लीच्या तोंडाशी फट्फट् आवाज आला.

त्र्यंबक एकटाच होता. डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला, ओठ फुटलेले, डोळे लाल. कालिंदीनं त्याच्या मागे पाहिलं. "बाळासो कुठायत?"

"रेल्वेनं हरिद्वारला गेला. तुमचं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाला, 'लेका, गंगा कुठं पळून जात न्हाय, तू आधी घर गाठ!' कार्ड टाकलं असतं, पण कार्ड उशिरा पोचलं तर... म्हणून स्वतःच आलो. वाटेत दोन दिवस गाडीनं खाल्ले."

दारात मास्तर येऊन उभे होते. "हजारभर मैल आलात, त्र्यंबकराव. काही बोलायचंय?"

"हो. पण... आधी यांच्याशी."

मास्तरांनी घसा खाकरला आणि "हिच्या आईला चहाचं सांगतो," म्हणून ते आत गेले. त्र्यंबक ओसरीवरच्या खुर्चीत बसला.

"दिल्लीहून निघताना सगळं पाठ केलं होतं मी. पुण्यापर्यंत येत होतं. कात्रजच्या घाटात विसरलं."

"आठवतंय तेवढं सांगा."

"कालिंदी..." तो थांबला. कानशिलं तापली त्याची. "तुम्ही दुसऱ्या कुणाच्या घरी गेलात तर मला नाही सहन व्हायचं. माझ्याशी लग्न कराल?"

तिचे डोळे भरून आले आणि तरी ती हसत होती. "करीन. उद्या संक्रांत आहे, घरच्यांना घेऊन या. अण्णा वाट बघताहेत... आणि मीही."

त्यानं मान डोलावली आणि समाधानानं डोळे मिटले. चहा येईपर्यंत तो बसल्या जागी गाढ झोपलासुद्धा. आतून आईनं दोनदा हाक मारली, पण कालिंदी उठली नाही. तो जागा होईपर्यंत ती तिथंच, त्याच्यासमोर बसून राहिली.