टेबलावरचा दुसरा कप

आधी मला त्याचा आवाज भेटला. तो स्वतः नंतर.

एकसष्ट सालचा डिसेंबर. अकोल्यात तेव्हा रविवारी सकाळी इंग्रजी चित्रपट लागत. इंग्रजी कळणारे थोडे, म्हणून टॉकीजचे मालक खुशालराव पडद्याशेजारी एका माणसाला माइक देऊन उभं करत. चाललेली गोष्ट तो वऱ्हाडीत सांगायचा. मी अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. नाताळच्या सुट्टीत जुन्या शहरात चतुरामावशीकडे आले होते. मावशीला इंग्रजी चित्रपटातले घोडे फार आवडत. त्या दिवशी मात्र घोडा नव्हता.

चित्रपट आयर्लंडचा होता. दगडी घर, समोर करडा समुद्र आणि एक बाई. तिचा नवरा होडी घेऊन गेलेला. होडी परत आली, तो नाही. बाई रोज टेबलावर दोन कप मांडायची, एकातला चहा प्यायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची... एक पोलीस यायचा, टोपी काढून बसायचा, काहीच न विचारता निघून जायचा.

"बापा, हे बाई काय पाहून राहिली तिकडं?" मागून कोणीतरी ओरडलं.

"समुद्र पाहून राहिली," माइकवरचा आवाज म्हणाला.

"ते दिसते आमाले! पुढं काय?"

"पुढं... अजून पाहूनच राहिली."

सगळं थिएटर हसलं. मीही. बायकांच्या बाजूला कमरेएवढा लाकडी आडोसा होता. त्याच्या पलीकडे तो उभा होता. सडपातळ, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला. इतकी माणसं हसत असताना तो मात्र पडद्याकडे खरोखर लक्ष देऊन बघत होता. मी संत्र सोलत होते, ते तसंच हातात राहिलं.

इतक्यात खुशालराव त्याच्यापाशी आले. बोलले हळूच, पण आडोशापलीकडे सगळं ऐकू येत होतं.

"देवमन मास्तर, लोकं उठून राहिले. असंच चाललं तर आजपासून तुमचा माइक बंद. खून टाका त्यात, खून!"

त्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं. मग माइक तोंडाशी नेऊन म्हणाला, "तर मंडळी... या बाईनं चहात जहर कालवलं!"

उठलेली माणसं बसली. पण मला काही राहवेना, मी उठलेच.

"कोणतं जहर, मास्तर?"

त्यानं दचकून आडोशाकडे पाहिलं. "कोणतं म्हणजे... कडू."

"कडू असतं तर नवऱ्याला पहिल्याच घोटाला कळलं असतं!"

थिएटरभर शिट्ट्या झाल्या. मावशीनं मला चिमटा काढला. "मैने, खाली बस ना वं!"

"मग तुमचं म्हणणं काय, बाई?" त्यानं माइकवरच विचारलं. आवाजात राग नव्हता. उलट, सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

"दुसरा कप बघा. त्यातून कोणी पीत नाही. तरी ती तो रोज धुते... का?"

तो पडद्याकडे वळला. "बाई म्हणतात, दुसरा कप पाहा."

आणि सगळं थिएटर कप बघू लागलं. शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. "तिनंच ढकलला असंन, म्हणून धुते!" पुरुषांकडून आलं. "मेलेल्याचा कप कोण धुते रे?" मावशीच उसळली. "पळाला असंन तो. पळतातच!" पोलीस टोपी काढून बसला की लोक त्याच्यावतीनं प्रश्न विचारू लागले.

शेवटी दारावर थाप पडली. बाई उठली. दार उघडलं नाही. किटली उचलून तिनं पहिल्यांदाच दुसरा कप भरला... आणि पडदा पांढरा झाला.

"कोण होतं दाराशी? सांगा ना जी! नवरा का पोलीस?"

खुशालराव खुणा करत होते. काहीतरी सांगून मोकळे व्हा. देवमननं माझ्याकडे पाहिलं. मग माइकवर शांतपणे म्हणाला, "मले माहीत नाही. दिसलं तेवढं सांगितलं."

गलका उठला. खुशालरावांनी माइक त्याच्या हातातून काढून घेतला.

बाहेर स्वच्छ ऊन होतं. तो माझ्यासमोर येऊन थांबला.

"तुमच्यापायी माइक गेला."

"एक उत्तर ठोकून दिलं असतं तर राहिला असता."

"देणारच होतो... पण तुमी पाहून राहिल्या होत्या."

मी अर्धं संत्र त्याच्यापुढे धरलं, ते त्यानं घेतलं. तो हिवरखेडच्या शाळेत मास्तर होता; मी अमरावतीची, हेही बोलण्यात आलं. आता रविवारी अकोल्याला यायचं कारण उरलं नव्हतं.

"हाच शिनेमा पुढच्या रविवारी अमरावतीले लागते," तो म्हणाला. "दाराशी कोण होतं, पुन्हा पाहावं म्हणतो. याल?"

"तोच प्रयोग पुन्हा केला तर उत्तर बदलत नाही, मास्तर."

"पाहणारा बदलते ना."

"मी येईनच, याला काही पुरावा नाही."

"मैना!" मावशीची हाक आली.

सुट्टी संपवून मी अमरावतीला परतले, पण आठवडाभर प्रयोगशाळेत माझं चित्त नव्हतं. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब जास्त पडायचा, फिकट गुलाबी हवं तिथे भडक व्हायचं. रविवारी तयार होऊन बसले आणि जाण्याचं कारण शोधू लागले. तो नुसता चित्रपटासाठी येत असेल तर? कारण काही सापडेना. सापडत नाही, तरी पाय दाराकडे वळतात, हे लक्षात आलं तेव्हा खेळ संपत आला होता.

मी धावतच पोचले. लोक बाहेर पडत होते. "काहीच नाही झालं बे त्याच्यात!" इथे माइक नव्हता. गर्दीत तो नव्हता. गर्दी विरली, तरी नव्हता. मी परत जायला वळले...

मग समोरच्या हॉटेलात नजर गेली.

तो रस्त्याकडे पाठ करून बसला होता. टेबलावर दोन कप. एक रिकामा, एक भरलेला. वेटर भरलेला कप उचलायला आला, तर त्यानं त्यावर हात धरला.

मी हॉटेलच्या दाराच्या चौकटीवर बोटानं टकटक केली.

त्यानं वळून पाहिलं. कपावरचा हात हळूच काढला.

"आता समजलं दाराशी कोण होतं," तो म्हणाला.

"कोण?"

"ज्याची वाट पाहून राहिली होती ना ते बाई... तेच माणूस."

"हे काही उत्तर झालं नाही, मास्तर."

"मग तुमी सांगा."

मी समोर बसले. चहावर जाड साय धरली होती.

"थंडा झाला. दुसरा सांगतो..."

"नको." मी कप जवळ ओढला. "हाच माझा."