अंबुबाईंचे हात सोडण्याबाबत

विषय : खोली क्रमांक चारमधील श्रीमती अंबुबाई यांचे हात खाटेला बांधणे बंद करण्याबाबत.
संदर्भ : मदतनीस मनिषा यांचा अर्ज.

उपरोक्त विषयी वस्तुस्थिती अशी की, अर्ज मारुतीरावांच्या कपाटात होता आणि अंबुबाई बाराव्या दिवशी सकाळी वारल्या.

बेळगावहून खानापूरकडे जाताना लागणाऱ्या त्या वृद्धाश्रमात मारुतीराव बिनपगारी लेखनिक होते. छत्तीस वर्षं कचेरीत त्यांनी लोकांचे अर्ज परत पाठवले होते. निवृत्तीनंतर माणसं भजनाला बसतात. मारुतीरावांना मात्र एखाद्या अर्जात त्रुटी काढल्याशिवाय जेवण पचत नसे.

अंबुबाई बेळगावातल्या शहापूरच्या. सगळा जन्म मागावर गेलेला. एक ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, विणून संपला, की त्याची वीतभर टोकं मागावर तशीच राखायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना सांधायचा. बोट जिभेला लावायचं, दोन टोकं एकत्र पिळायची. असे हजारो. म्हातारपणी त्यांना मुलाचं नावसुद्धा आठवेना, पण बोटं काही विसरली नव्हती. चादरीतले धागे ओढून त्या एकमेकांना सांधत बसत. चादरींचं एक वेळ खपलं असतं. पण एकदा त्यांनी लघवीची नळी उपसली आणि कमिटीनं ठराव केला, हात बँडेजपट्टीनं खाटेला बांधावेत. सूचक होते, अनुमोदक होते, ठराव सर्वानुमते झाला. अंबुबाईंना कुणी विचारलं नाही.

मनिषानं अर्ज आणला, तेव्हा मारुतीराव चष्मा पुसत होते.

"काका, हातात सुताची गुंडी दिली की आक्का नळीकडं बघत बी न्हाईत. मी करून बघितलंय. माज्या जेवायच्या सुट्टीत बसते की त्यांच्यापाशी."

"नातेवाईकाची सही?"

"मुलगा फोन उचलत न्हाय."

"मग त्रुटी आहे."

"तुमी शेरा मारला तर चालंल की ओ."

"शेरा कुठं मारू? समास सोडलायस का?"

अर्ज कपाटात गेला. अकरा दिवस राहिला.

बाराव्या दिवशी सकाळी मनिषानं अंबुबाईंचं अंग धुतलं. रोजच्यासारखं आधी विचारलं, "आक्का, पानी घालू न्हवं? कोमट हाय." दोन्ही मनगटांवर पट्टीचे वळ होते. त्यांना तिनं तेल लावलं, बराच वेळ. दारात मारुतीराव उभे होते. त्यांच्याकडे न बघताच ती म्हणाली, "आता सोडाय कुनाची सही लागत न्हाय, व्हय न्हवं?"

मारुतीराव मृत्यूची नोंद करायला कार्यालयात गेले.

मुलानं अखेर फोन उचलला आणि "तुम्हीच उरका" म्हणाला. दुपारी मनिषा आणि ड्रायव्हर अंबुबाईंना शहापुरास घेऊन गेले.

तीनच्या सुमारास मारुतीराव मयताच्या वस्तूंची यादी करायला खोली क्रमांक चारमध्ये निघाले. आश्रम जेवून झोपला होता. दाराशी आल्यावर त्यांना वास आला, सुताला लावायच्या खळीचा, तांदूळ आंबल्यासारखा ओलसर. स्वयंपाकघर तर केव्हाच बंद झालं होतं. मग आवाज आला. सुर्रर्र... कापडातून कुणी धागा ओढावा तसा. थांबला. पुन्हा सुर्रर्र...

पलीकडच्या खाटेवर गुणाबाई होत्या. त्या झोपेत तोंड ओरबाडायच्या, म्हणून त्यांचेही हात बांधलेले असत. आता त्या उठून बसल्या होत्या आणि मांडीवरच्या आपल्या मोकळ्या तळव्यांकडे बघत होत्या.

"कुणी सोडलं तुम्हाला?"

"हळू बोला अण्णा... काम चाललंय."

"कुणाचं?"

"आक्का आलत्या... हात लई गार बघा त्यांचं."

मारुतीरावांनी मनिषाला फोन लावला. "तू परत आलीस का गं?"

"न्हाय ओ काका. स्मशानातच हाय. अग्नी देऊन तास झाला... का ओ?"

"काही नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गुणाबाईंची पट्टी खाटेवर नव्हती. तिच्या जागी खाटेच्या दांडीवरून एक बारीक पांढरा धागा खाली उतरला होता आणि फरशीवरून दाराबाहेर गेला होता. हातभर अंतरावर एकेक सांधा. गोष्टीतली माणसं अशा वेळी धाग्यामागं का जातात, याचं मारुतीरावांना वाचताना नेहमी हसू येई. ते धाग्यामागं गेले.

धागा व्हरांड्यातून कार्यालयात शिरला आणि कुलूपबंद कपाटाच्या फटीत गेला. किल्ली त्यांच्याच खिशात होती. आत धागा फायलींखालून मनिषाच्या अर्जापर्यंत पोचला होता, कोपऱ्यातल्या भोकातून ओवून परत स्वतःलाच पिळून सांधला होता. त्यांनी सांध्याला बोट लावलं. ओला होता. आणि मग पलीकडून, खोली क्रमांक चारच्या बाजूनं, धागा हलकेच ओढला गेला. एकदाच. झालं का, असं कुणी विचारावं तसा.

मारुतीराव खाली बसले. समास नव्हता, म्हणून मजकुरावरच आडवी शिफारस लिहिली. अंबुबाईंच्या नावाखाली गुणाबाईंचं नाव घातलं. नातेवाईकाच्या जागी स्वतःची सही केली. नातं : मुलगा. सरकारी असो की खाजगी, कागदावर त्यांनी लिहिलेलं हे पहिलं खोटं. त्यावर पाण्याचा एक थेंब पडला. तो त्यांनी टिपला नाही.

मूळ अर्ज धाग्यातून सोडवण्याचं धैर्य त्यांना झालं नाही, म्हणून कमिटीला खरी नक्कल पाठवली. अर्जातील एक व्यक्ती मयत असल्यानं अर्ज विचारात घेता येतो काय, असा प्रश्न सदस्यांनी काढला. पुढच्या सभेला पुरेसे सदस्य आले नाहीत.

मनिषा हात बांधायला साफ नकार देते, म्हणून सकाळपाळीची आया रोज नवी पट्टी घेऊन गुणाबाईंचे हात बांधते. दुपारी तीनपर्यंत ते मोकळे झालेले असतात. मारुतीराव रोज कपाट उघडून सांध्याला बोट लावून बघतात. महिना झाला, तो वाळलेला नाही. सभा तहकूब आहे. अर्ज प्रलंबित आहे.