न भरलेल्या बांगड्या

धायरीला राहायला आल्यापासून सुगराबीचं एकच गाऱ्हाणं होतं, की इथल्या बाथरूमची फरशी काचेपेक्षा गुळगुळीत आहे. काचेतलं तिला कळायचं, त्यामुळे घरात कुणी वाद घातला नाही. फरशीही कुणी बदलली नाही. आषाढ संपता संपता तिथेच ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन झेपायचं नाही, पडून राहू द्या, असं डॉक्टर म्हणाले.

सुगराबी म्हणजे मंडईमागच्या बांगड्यांच्या गाळ्यावरची दादी. लग्न होऊन पुण्यात आली तेव्हापासून पेठांमधल्या बायकांच्या हातात बांगड्या भरत आली. पानशेतच्या पुरात गाळा वाहून गेला, तेव्हा कोपरापर्यंत चिखलात हात घालून तिने शाबूत बांगड्या वेचल्या, धुतल्या, आणि त्याच विकून धंदा पुन्हा उभा केला. नवरा लवकर गेला. मुलाला, गुलजारला, एकटीने वाढवलं. सून नसीमबानू शिवणकामाच्या कारखान्यात जायला लागली तेव्हा नातीला, नूरबानूला, मांडीवर घेऊन गाळ्यावर बसली. पेठेतल्या बायकांशी दिवसभर बोलून बोलून घरातही मराठीच बोलायची. शेवटी काचबिंदूने डोळे गेले, तरी तिचं अडलं नाही. समोरचीचा हात हातात घ्यायची, अंगठ्याचं पेर दाबायची, की माप कळायचं. सगळं झाल्यावर मान भिंतीकडे वळवून एवढंच विचारायची, "रंग कुठला आला गं?"

नूर सतरा वर्षांची. नववीत मास्तरांनी फेकून मारलेला डस्टर तिने तसाच नेम धरून परत मारला होता. दप्तर उचलून घरी आली ती आलीच. मग तिला गाळ्यावर बसवलं. डोकं चटकन तापायचं, पण डोळे असे की गिऱ्हाइकाने चपला काढायच्या आधी ही सांगायची, ही बाई नुसती बघून जाणार. तिच्या स्वतःच्या हातात मात्र एक बांगडी नव्हती.

"मी काय बैल आहे का घुंगरं बांधायला?"

"हात रिकामा दिसला की मला घास जात नाही गं," दादी म्हणायची.

"मग नको बघू ना. नाहीतरी तुला दिसत नाही."

असं बोलायची ती. आणि दादी हसायची.

श्रावणात जुनी घरं गाळ्यावर येत नाहीत, त्यांच्याकडे आपण जायचं असतं. सुगराबीने अंथरुणात पडल्या पडल्या जुड्या बांधल्या. दोऱ्यात बांगड्या ओवायच्या, दुहेरी गाठ मारायची आणि दोऱ्याचं टोक गाठीत खोचून टाकायचं. अशी गाठ दुसऱ्या कुणाला जमायची नाही.

"नूर, तू जा. बायका वाट बघत असतील."

"मला कुठे भरता येतं?"

"माझ्या मांडीवर बसून बघितलंयस. हाताला माहिती असतं."

पहिल्या दिवशी नूर गेली. नारायण पेठेत एका फ्लॅटची बेल वाजवली. दार उघडलं ते तिच्याच वर्गातल्या मुलीने. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात होतं, अजून काढलंही नव्हतं.

"अगं, नूर ना तू?" ती खुशीत म्हणाली. मग तिची नजर पिशवीवर गेली, आणि तिने आत वळून हाक मारली, "आई, बांगडीवाली आलीय!"

त्यात वाईट काहीच नव्हतं. पण नूरचे कान जळाले. "चुकून आले, खालच्या मजल्यावर जायचंय," म्हणाली आणि धडाधड जिना उतरली. त्यानंतर ती एकाही घरी गेली नाही. सारसबागेत बसायची, नाहीतर बुधवार पेठेत मोबाईलच्या दुकानांमधून फिरायची. परत आली की जुड्या गच्चीवर न्यायची. पाण्याच्या टाक्यांमागे रंगाचा एक रिकामा डबा पडला होता. त्यात टाकायची आणि झाकण दाबून बसवायची. गाठ सोडून विकावं असंही तिला वाटलं नाही. नुसतं डोळ्यांपुढून जावं, एवढंच.

संध्याकाळी दादी विचारायची.

"भरल्या?"

"भरल्या."

"विजयमालाबाईंचा हात कसा होता?"

"कसा म्हणजे? होता तसाच. सव्वादोन."

दादीने मान भिंतीकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "नाही गं. यंदा सूज आहे त्यांच्या मनगटाला. अडीचच्या घालाव्या लागल्या."

नूरला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरायला लागलं. पण हे रोजच झालं. अमकीचा अंगठा आखडलाय, तमकीने हात भाजून घेतलाय. नूर म्हणायची, हो हो, तसंच. आत कुठेतरी तिला वाटत होतं की कुणाचा तरी फोन येणार, की अहो, तुमची पोरगी आलीच नाही. फोन आला नाही. पैसे संक्रांतीला एकदम मिळायचे, त्यामुळे त्यातूनही पकडलं जायचं कारण नव्हतं. बायका आता मॉलमधून घेत असतील, असं तिने स्वतःला सांगितलं.

नवरात्र संपलं आणि एका पहाटे सुगराबी झोपेतच गेली.

गुसल द्यायला, शेवटची आंघोळ घालायला, नात्यातल्या बायका आल्या. त्यातली एक बाहेर येऊन नसीमबानूला म्हणाली, "बोटांना किती ओरखडे गं हिच्या. ताजे. आणि पेरांमध्ये काच. हिरवी."

"आयुष्यभर तेच केलं ना," नसीमबानू रडत म्हणाली.

दारात उभी असलेली नूर मनात म्हणाली, पण श्रावणापासून तर हिने पलंग सोडला नव्हता. दादीला नूरच रोज घास भरवत होती. जुड्या बांधल्या त्याला महिने झाले. मग लोक आले, जनाजा उठला, आणि ते तिथेच राहिलं.

चाळिसाव्या दिवशी घर भरलं. आतल्या खोलीत कुराणखानी झाली, फातिहा झाला, दादीच्या आवडीची खिचडी आणि चिंचेचा खट्टा सगळ्यांना वाढला. दुपारी रिक्षा करून पेठेतल्या बायका आल्या. पुढे विजयमालाबाई, शनिवार पेठेतल्या, शाळेतून रिटायर झालेल्या.

"धायरी म्हणजे काय, सिंहगडच की हो!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "अजून जरा वर राहायला गेला असतात, तर तानाजीच्या समाधीचंही दर्शन झालं असतं."

बायका हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मग एकेक आठवण निघायला लागली. कुणाच्या बाळंतपणात सुगराबी तीन रात्री उशाशी बसली होती. कुणाचा नवरा गेला, तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या उतरवायला आलेल्यांना सुगराबीने दारातून परत पाठवलं होतं, म्हणाली होती, आधी पोरीला रडू तर द्या. ईदचा शीरखुर्मा कुठल्या घरी बिनसाखरेचा द्यायचा, तिला पाठ होतं. नूर पाण्याचे ग्लास फिरवत ऐकत होती. यातलं निम्मं तिला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

विजयमालाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"आणि ही आमची नूर. श्रावणात आली होती. हात अगदी सुगराबींचा बरं का. इतका हलका, की कळलंसुद्धा नाही."

बाकीच्या बायकाही म्हणाल्या, हो, आमच्याकडेही. आमच्याकडेही.

टोमणा. दुसरं काय असणार? पुण्यातल्या बाया शिवी देत नाहीत, कौतुक करतात. नूरचं डोकं सणकलं.

"टोमणे कशाला मारताय? काय ते सरळ बोला ना!"

विजयमालाबाईंनी चष्म्यातून बघितलं आणि पदर सारून हात पुढे केला. सुजऱ्या मनगटात हिरव्या बांगड्या होत्या, सोनेरी ठिपक्यांच्या. दादीने पलंगावर ओवलेल्या. नूरने डब्यात टाकलेल्या.

"टोमणा कसला? एक तक्रार मात्र आहे. माणसाच्या तोंडाकडे बघायची सवय कर. सगळा वेळ तू भिंतीकडे बघत होतीस. आणि वर मलाच विचारलंस, रंग कुठला आला म्हणून. हिरव्याला हिरव्या म्हणतात, बाळा."

कुणीतरी हसलं. नूरच्या हातातला ग्लास कलंडला.

ती आत गेली. नसीमबानू भांडी आवरत होती.

"अम्मी, मी गेलेच नव्हते."

"कुठे?"

"श्रावणात. कुणाकडेच. मी खोटं सांगत होते दादीला."

नसीमबानूने हातातलं पातेलं खाली ठेवलं. रागावली नाही, तेच जास्त लागलं. "आज तरी खोटं बोलू नको, नूर. आयुष्यात तेवढं एक काम धड केलंस. सगळ्या बायका सांगतायत. तेही नाकारायचं? दादी मला काय म्हणाली होती माहितीय? माझी पोरगी घरोघर जाऊन आली, म्हणाली. किती खूश होती."

नूर रिकामे ग्लास उचलून बाहेर गेली.

बायका निघाल्या तेव्हा विजयमालाबाई दारात थांबल्या. "शुक्रवारी ये. सुनीतीला, माझ्या सुनेला, सातवा लागलाय. हिरवा चुडा भरायचा. लग्न होऊन यंदाच आली सांगलीहून. श्रावणात माहेरी होती, त्यामुळे तुझीही गाठ पडली नाही, आणि सुगराबी तर तिने पाहिल्याच नाहीत. निदान तुझा हात लागू दे."

त्या गेल्यावर नूर गच्चीवर गेली. ऊन होतं, शेजारणीचे कपडे वाळत होते. टाक्यांमागे डबा तसाच. झाकणावर धुळीचा थर, त्यावर कुणाचं बोटही उमटलेलं नाही. झाकण चमच्याने उचकटावं लागलं.

आत जुड्यांना गुंडाळलेले वर्तमानपत्राचे कागद होते, घडी घातलेले. आणि दोरे. बांगड्या नव्हत्या. प्रत्येक दोऱ्याला पुन्हा दुहेरी गाठ मारून टोक आत खोचलेलं होतं.

तळाशी एक जुडी भरलेली होती. हिरवी, बारीक मापाची, नव्या सुनेच्या हाताची. ती नूरने तिथे कधीच ठेवली नव्हती.

शुक्रवारी तीच जुडी घेऊन नूर गेली. न जाण्याची बरीच कारणं रात्रभर शोधली होती. पण दादीने अम्मीला सांगितलं होतं, की माझी पोरगी घरोघर जाऊन आली. निदान एक घर तरी खरं व्हायला हवं होतं.

विजयमालाबाई बँकेत गेल्या होत्या. सुनीती एकटीच होती, गोल चेहऱ्याची, पोट सांभाळत चालणारी. दार उघडून ती नूरकडे बघून हसली, मग जराशी बाजूला सरकून वाट दिली आणि दार लगेच लावलं नाही.

"या ना. बसा."

अहो-जाहो ऐकून नूरला कसंसंच झालं. सुनीतीने हॉलमध्ये सतरंजी घातली, आतून दोन ग्लास पाणी आणलं आणि खाली ठेवलं. एक नूरने घेतला. दुसरा तिचाच असेल.

नूरने तिचा हात हातात घेतला. अंगठ्याचं पेर दाबलं, बोटं जुळवली, पहिली बांगडी चढवली, आणि ती कटकन गेली. सुनीतीच्या हातावर रक्ताचा ठिपका आला.

"फुटली," नूर म्हणाली. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"वाढवली म्हणावं," सुनीती म्हणाली. "असू दे. घाई काय आहे?"

"मला येत नाही हे. सासूबाईंनी तुम्हाला सांगितलं असेल, की हात हलका आहे माझा. पण ती मी नव्हते. मी कुणाच्याच घरी गेले नव्हते. मला लाज वाटायची."

आईला सांगताना अडकलेलं सगळं या परक्या बाईपुढे भडाभडा बाहेर आलं. सुनीतीने ऐकून घेतलं. एकदा तिने नूरच्या उजव्या बाजूला पाहिलं. नूरनेही पाहिलं. तिथे सतरंजीचा कोपरा होता आणि पाण्याचा ग्लास.

"आता भरताय ना?" सुनीती म्हणाली. "मग झालं."

दुसरी बांगडी गेली. तिसरी. साबणाचं पाणी लावून, बोटं मऊ दाबून, हळूहळू. नूरच्या बोटांत काच रुतली, तिने लक्ष दिलं नाही. खोलीत फक्त काचेवर काच वाजत होती. दोन्ही हात भरले. नूरने डोकं वर केलं आणि पहिल्यांदा समोरचीच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

रीत नूरला माहीत होती. बांगड्या भरून झाल्या, की भरणारीला नमस्कार करायचा, मग ती कुठल्याही जातीधर्माची असो. मोठमोठ्या बायका दादीपुढे वाकताना तिने पाहिल्या होत्या.

"माझ्या नका पडू पाया," ती घाईघाईने म्हणाली. "मी लहान आहे. आणि मला शोभत नाही."

"रीत आहे," सुनीती म्हणाली. पोट सांभाळत, बसल्या बसल्या जमेल तेवढी वाकली आणि भरल्या हातांनी नूरच्या पायांना शिवली.

मग ती उठली नाही. गुडघ्यांवरच थोडी सरकली, नूरच्या उजवीकडे, सतरंजीच्या रिकाम्या कोपऱ्यापाशी. पदर सारखा केला. तिथेही वाकली, आणि डोक्यावर हात पडेपर्यंत थांबतात, तशी थांबून राहिली.

क्षणभर तिचे केस किंचित दबले.

"हिरव्या," मान खाली घालूनच सुनीती कुणाला तरी म्हणाली. "हिरव्या आल्यात, आजी."