फांद्यांवरून गेलेली वाट

“थांबा! आहात तिथंच थांबा!”

झाडांमधून बिनधास्त चालत येणारा तो माणूस दचकून उभा राहिला. एक पाय उचललेला, काखेत नकाशाची गुंडाळी, खांद्यावर मोजणीची तिवई. ओल्या पानांवरून टपटप पाणी गळत होतं. ती गुडघ्यांवर बसून जमिनीत पोलादी सळई दाबत होती. माती किती घट्ट आहे ते दाखवणारा सळईच्या डोक्यावरचा काटा आत्ता कुठे स्थिरावत होता, आणि तेवढ्यात हा!

“आता हा पाय... खाली ठेवू की नको?” त्यानं अगदी नम्रपणे विचारलं.

“मागे ठेवा. आलात तसेच त्या पांढऱ्या खुंट्यांच्या बाहेर जा.”

“का? सुरुंग पेरलेत?”

“मी शाळेत जात होते तेव्हापासून या तुकड्यावरून एक चाक गेलेलं नाही. की तुमच्यासारखा–” तिनं त्याच्या जाड बुटांपासून वरपर्यंत नजर फिरवली, “–धिप्पाड माणूस.”

“धिप्पाड? आभारी आहे.”

“ते कौतुक नव्हतं.”

“मी तसंच धरून चालतो,” तो म्हणाला आणि एकेक पाऊल जपून टाकत मागे गेला. तिनं हसू दाबलं. काटा मात्र हलला तो हललाच. मोजणी पुन्हा करावी लागली.

मजूर तिला मातीताई म्हणत. जंगल संशोधन केंद्रातली माती तिच्या ताब्यात होती. तिच्या सरांनी उमेदीच्या वयात इथलं जंगल तोडून जमिनीचे तुकडे पाडले होते. काहींवरून बारीक काटकीसुद्धा उचलून नेली, काहींवर फांद्या-पाला तसाच पडू दिला. काही तुकडे जड यंत्र फिरवून दाबले, काही भुसभुशीत राखले. मग सगळीकडे एकाच जातीची रोपं लावली. प्रश्न सोपा होता... वरचेवर लाकूड नेलं तर पुन्हा तसंच जंगल उभं करण्याची ताकद जमिनीत उरते का? उत्तराला मात्र घाई चालत नव्हती. सर निवृत्त झाले, झाडं वाढतच होती, आणि आता सळई तिच्या हातात होती.

खुंट्यांबाहेर उभं राहून त्यानं नकाशा उलगडला. तो रस्ते आखणारा इंजिनिअर होता. पलीकडच्या डोंगरावरचं लाकूड खाली आणायला नवा रस्ता हवा होता, आणि नकाशावरची लाल रेघ तिच्या तुकड्यांच्या बरोबर मधून जात होती.

“हे तुम्ही आधी सांगायचं!”

“एका पायावर उभा होतो हो. नकाशा कसा उघडणार?”

या वेळी ती हसली नाही.

घरी आत्या वाटच बघत होती. भाचीचं सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, “दिसायला कसा आहे?”

“आत्या, तो माझ्या तुकड्यांवरून रस्ता नेतोय!”

“ते कळलं गं. दिसायला कसा आहे?”

“...उंच आहे,” ती पुटपुटली, आणि ताट घेऊन खिडकीशी जाऊन बसली.

दोन दिवसांनी तो प्रयोगशाळेत हजर. ती चाळण्या धूत होती. भांडायला नाही, शिकायला आलोय असं तो म्हणाला आणि लगेच भांडायला लागला. त्याचं म्हणणं, तोडलेल्या फांद्या वाटेवर गादीसारख्या अंथरायच्या आणि त्यावरून लाकूड वाहणारं यंत्र न्यायचं. भार पसरतो, खालची माती दबत नाही.

“चिकणमाती दबते. गादी घाला नाहीतर पलंग घाला.”

“सगळी जमीन चिकणमातीची आहे?”

“खालची आहे. डोंगराच्या वरच्या धारेवर वाळूसर.”

“मला दोन्ही सारख्याच दिसतात.”

“दिसतात. हाताला कळतात.” तिनं एक ओला गोळा त्याच्या तळव्यावर ठेवला. “अंगठ्यानं पुढे ढकला... हळू. फीत निघाली पाहिजे.”

त्याच्या हातून फीत निघेना. तिनं त्याचा अंगठा धरून पुढे नेला. तांबूस, गुळगुळीत फीत बोटावरून लांबत गेली, लोंबली, तरी तुटली नाही. दोघंही जरा जास्तच वेळ त्या फितीकडे बघत राहिले.

“ही चिकण,” ती हात सोडत म्हणाली. “वाळूसर लगेच सुटते.”

“मग चिकणच बरी की.”

“इंजिनिअरसाहेब, कामाचं बोला.”

“कामाचंच बोलतोय! करून बघू या. तुमचे तुकडे सोडून, बाहेरच्या जमिनीवर.”

ती तयार झाली. भरपावसात आठवडाभर ते त्या कामात होते. फांद्या त्यानं स्वतः ओढून आणल्या, अंथरल्या. यंत्र जाऊन आलं की ती फांद्या बाजूला सारून सळई दाबायची. खाली चिकणमातीवर तिचं खरं ठरलं. पहिल्या काही फेऱ्या गादीनं सोसल्या, मग चाकं रुतली आणि फांद्यांचा लगदा झाला. वर, धारेवर मात्र सळई लोण्यात शिरावी तशी शिरली. तिनं जागा बदलून पाहिली. पुन्हा तेच.

“काय झालं?” तो चिखलाळलेल्या हातानं कपाळावरचं पाणी पुसत म्हणाला.

“काही नाही... इथे तुम्ही बरोबर आहात.”

“काय? पावसात ऐकू येत नाही.”

“पाऊस केव्हाच थांबलाय.”

“हो का? मग अजून एकदा म्हणा ना.”

कपाळावर त्यानं चिखलाचा चांगला पट्टा ओढून घेतला होता. तिनं ओढणीच्या टोकानं तो पुसला.  तो हळूच म्हणाला, “रस्ता बदलतो मी. तुमच्यासाठी.”

तिचा हात तिथंच थांबला. “माझ्यासाठी नको.”

“का?”

“कारण उद्या तुमचे साहेब डोळे वटारतील आणि तुम्ही परत बदलाल. मी कुणाला आवडते म्हणून ती जमीन वाचायला नको. मी गेल्यावर कोण वाचवेल तिला?”

त्याला ते लागलं. तिवई उचलून तो उतारानं निघून गेला, आणि नंतर फिरकलाच नाही. दाराशी बूट वाजले की तिची मान आपोआप वळायची. आपलं चुकलं असं तिला एकदाही वाटलं नाही. करमत मात्र नव्हतं. आत्यानं काही विचारलं नाही, तेव्हाच तिला कळलं की आपल्या तोंडावर सगळं दिसतंय.

रस्ता ठरवायच्या बैठकीच्या दिवशी तो तिला टेबलाच्या पलीकडे दिसला. डोळ्यांखाली जागरण, समोर नवा करकरीत नकाशा. मोठ्या साहेबांनी आधी तिला बोलायला सांगितलं. तिनं पाहिलेलं जसंच्या तसं मांडलं. धारेवर फांद्यांची गादी चालते, ही इंजिनिअरसाहेबांची सूचना योग्य आहे, हेही खणखणीत आवाजात सांगितलं.

मग तो उठला. नवी रेघ धारेवरून जात होती. “लांब पडते,” तो म्हणाला, “पण खालचा रस्ता दर पावसाळ्यात खचेल आणि आपण दर वर्षी त्यात मुरूम ओतत बसू. शिवाय लाकूड नेल्यावर जमिनीचं पुढे काय होतं, हे सांगणारी आपल्याकडे एवढी एकच जागा आहे. तिच्यावरून गाडी नेली तर पुढच्या तोडीला आपण कुणाला विचारणार?”

साहेबांनी चष्मा काढला. “तुम्ही दोघं पावसात बरेच फिरत होतात म्हणे. यात तुमचं वैयक्तिक काही आहे का?”

त्यानं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“आहे,” तो शांतपणे म्हणाला. “पण ते नकाशात नाही. नकाशात आहे ते कुणाकडूनही तपासून घ्या.”

तिचे कान तापले. समोरच्या पेल्यातलं पाणी ती घटाघट प्यायली, तो पेला शेजाऱ्याचा होता हे नंतर लक्षात आलं. साहेबांनी नकाशा ओढून घेतला, दोन ठिकाणी बोट ठेवून उलटसुलट विचारलं, शेजारच्या विभागातल्या इंजिनिअरला नकाशावरचे उतार तपासायला लावले. तपासणी होऊन धारेवरचा रस्ता मंजूर झाला, तेव्हा दुपार कलली होती.

तो बाहेर पायऱ्यांवर उभा होता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मला सांगायचं सोडून साहेबांना सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं म्हणून... थांबा, काय म्हणालात? सांगितलंस?”

“‘तू’ म्हणाले मी. विचार करून म्हणाले.”

तो हसला, मग एकदम गंभीर झाला. “नीट सांगतो. तू मला आवडतेस. त्या दिवशी तू रागावलीस तेव्हा जास्तच आवडलीस. चिडून घरी गेलो, रेघ पुन्हा आखायला बसलो आणि पाहिलं तर तुझं नाव न घेताही तीच रेघ बरोबर येत होती. पण... हा रस्ता झाला की माझी बदली होईल. आणि तू इथून हलणार नाहीस.”

“नाही हलणार. केस पिकेपर्यंत मी याच जमिनीत सळई दाबणार आहे.”

“मग?”

“मग तू इथंच राहायला मिळावं म्हणून अर्ज कर.”

“कारण विचारतील. काय लिहू?”

तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं.  “बायको इथे असते, असं लिही.”

त्याच्या हातातली नकाशाची गुंडाळी सुटली आणि एकेक पायरी उतरत गडगडत खाली गेली. त्यानं त्या गुंडाळीकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

“अर्ज कधी करू?” त्यानं कसंबसं विचारलं.

“कर की उद्या. पण आधी आत्याला भेट. ती पहिल्या दिवसापासून विचारतेय, दिसायला कसा आहे म्हणून.”

“तू काय सांगितलंस?”

“उंच आहे, एवढंच,” ती म्हणाली आणि त्याचा हात धरून पायऱ्या उतरू लागली. “बाकीचं तिचं तिला बघू दे.”