कळंबदरीचं गवत

गवत कापणीचा डेक, म्हणजे पात्यांचा डबा, खालून खरवडायचा, तर तो आधी सोडवून उलटा करावा लागतो. सगुणा केंगलेने पट्टा सैल केला, खिळी काढल्या आणि बागेच्या छोट्या ट्रॅक्टरच्या पोटाखालून तो पसरट लोखंडी डबा ओढून बाहेर घेतला. आत ओल्या गवताचा जाड लेप बसला होता. तो उलथन्याने काढून तिने दोन्ही पाती सोडवली, त्यांना ग्राइंडरवर धार लावली आणि एकेक पातं खिळ्याला अडकवून तोल बघितला. एक बाजू जड राहिली, तर सगळं यंत्र थरथरतं.

“इथे काय लागलं?” इरावती खांबेटेने पात्यावरच्या खाचेवर बोट ठेवलं. ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत दरडींचा अभ्यास करायची.

“दगड. दर पावसाळ्यात वर येतात.” सगुणाने पातं कपड्याने पुसलं. “एकदा घरातल्या तांब्याचा काठ लागला होता. पितळेचा.”

इरावतीने बोट मागे घेतलं.

नऊ वर्षांपूर्वी, भाद्रपदात, कळंबदरीच्या माथ्यावरचा डोंगर गावावर उतरला होता. सगुणा तेव्हा बाजाराला गेली होती म्हणून वाचली. तिचा नवरा तिसऱ्या दिवशी सापडला. निम्मं गाव सापडलंच नाही. पाऊस थांबेना, चिखलात यंत्रं रुतायला लागली, आणि शोध बंद झाला. वर चुना टाकला, जमीन सारखी केली, गवत पेरलं आणि त्याला स्मृतिउद्यान असं नाव दिलं. वाचलेल्यांसाठी त्याच उताराच्या पायथ्याशी नवी वसाहत बांधली. गवत कापायचं काम सगुणाला मिळालं. ट्रॅक्टर चालवायला ती शिकली, आणि दुरुस्तीला तालुक्याहून कोणी वर येत नाही म्हणून दुरुस्तीही शिकली.

इरावतीने आणलेल्या वस्तूला ती ‘रसवाचक’ म्हणत होती. साबणाच्या वडीएवढी पेटी आणि तिच्यातून बाहेर आलेली काचेची चिंचोळी पट्टी.

“पात्याने गवत कापलं की रसाचा शिंतोडा या पट्टीवर उडणार,” ती म्हणाली. “रसात काय काय आहे ते पट्टी वाचणार, आणि ट्रॅक्टर जिथे असेल तिथे नकाशावर रंग भरणार.”

“गवताच्या रसावरून डोंगराचं काय कळायचं?”

“डोंगर सुटायच्या आधी त्याच्या पोटात पाणी साचतं, सगुणाताई. मुळांना ते आपल्या आधी लागतं. रस पातळ होतो. तिथे निळं दिसेल. निळं वाढायला लागलं की गाव हलवायचं. या वेळी आधी.”

‘या वेळी’ हे शब्द दोघींनाही ऐकू आले. सगुणाने ग्राइंडर उचलला. काचेला दगड लागू नये म्हणून दोघींनी डेकची मागची कड पसंत केली. सगुणाने तिथे फट कापली, कोनपट्टी जोडली आणि पेटी हादरू नये म्हणून खाली जुन्या ट्यूबचं रबर घातलं. दुपारच्या आत डेक पुन्हा ट्रॅक्टरखाली होता.

ती वरून खाली पट्टे कापत निघाली. इरावती हातातल्या नकाशाच्या पडद्याकडे बघत बरोबर चालत होती. डोंगराच्या अंगाला निळी कड उमटली. तेवढी तिला अपेक्षितच होती. मग हिरव्यात एक पिवळा ठिपका आला. थोड्या अंतरावर आणखी एक, आणि पुढे तीन, एकमेकांना चिकटून.

“बंद करा जरा,” इरावती म्हणाली.

इंजिन थांबलं.

“इथे कधी खत टाकलंत?”

“कोण टाकणार?”

“जनावरं पुरली होती?”

“गोठे पलीकडच्या अंगाला होते. का?”

इरावतीने पडदा तिच्याकडे वळवला. “पिवळं म्हणजे नायट्रोजन. पण हा साधा नाही, जरा जड असतो. देहातून मातीत उतरलेला. तो वर्षानुवर्षं राहतो.” तिचा आवाज खाली आला. “मी हे शोधायला आले नव्हते, ताई. पट्टी सगळंच वाचते.”

सगुणाने पडद्यावरून मान उचलून उताराकडे बघितलं. वरून तिथे काहीच नव्हतं. सपाट गवत. पण तिच्या डोळ्यांपुढे गल्ल्या उभ्या राहिल्या. हे तीन ठिपके म्हणजे गिरणीची ओसरी. तो वरचा, म्हातारा भोमाळे बसायचा त्या पाराजवळचा. आणि डोंगराच्या अंगाला, सगळ्यांपासून दूर, वाटेच्या वळणावर एक मोठा ठिपका आणि त्याच्या कुशीत एक लहान.

“हा कोण, ते यंत्र सांगत नाही,” इरावती म्हणाली.

“मला माहीत आहे,” सगुणा म्हणाली.

तिची धाकटी जाऊ चंद्रा त्या दिवशी लहानग्या लेकाला, राघूला, घेऊन तिच्याबरोबर बाजाराला निघणार होती. राघूला भरवून येते, तू हो पुढे, असं म्हणाली होती. सगुणाचा दीर लक्ष्मण तेव्हा मुंबईला कामावर होता. चंद्रा घरातून निघाली होती एवढं त्याला शेजारणीकडून कळलं, आणि त्याने ते घट्ट धरून ठेवलं. निघाली म्हणजे सडकेला लागली असेल. जीप मिळाली असेल. डोक्याला मार लागून नाव विसरली असेल. नऊ वर्षं तो जत्रांमधून, एसटी स्टँडांवर, दवाखान्यांत मोबाइलवरचा मायलेकाचा फोटो दाखवत फिरत होता. आणि घरी असला की रोज कापलेलं गवत आपल्या गायींसाठी न्यायचा.

पिवळे ठिपके दिसले त्या दिवशीही तो ढकलगाडी घेऊन आला.

“आजचं गवत नेऊ नका, भावजी,” सगुणा म्हणाली.

“का गं वैनी? औषध मारलंय?”

तिने सांगितलं. आडपडदा न ठेवता, एका दमात सांगितलं, कारण थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. लक्ष्मण हसला. मग म्हणाला, “दाखव.”

तिने डेक बोटभर खाली घेऊन ट्रॅक्टर वळणावरून पुन्हा नेला. तो पडदा हातात धरून चालला. पिवळं आलं, आणि त्याच्या कुशीतलं लहान पिवळं आलं, तसा तो खाली बसला. पंजा गवतावर सपाट ठेवला.

“हेच गवत मी गायींना घालतोय,” तो म्हणाला. “दूध अंगणवाडीत जातं.”

“दुधाला काही होत नाही, दादा,” इरावती म्हणाली.

“तसं न्हाई विचारत मी.”

उकरून काढायचं का, असं त्याने विचारलं तेव्हा इरावतीने नाही म्हटलं. वळण निळ्या कडेला लागून होतं. तिथे पायथा उकरला असता, तर वरचा उतार सुटून वसाहतीवर आला असता. लक्ष्मणने मान हलवली. वाद घातला नाही.

सगुणाने दुसऱ्याच दिवशी डेकला एक छोटी मोटर बसवली आणि रसवाचकाची तार तिला जोडली. नकाशावरचा पिवळा ठिपका आला की डेक आपोआप उचलला जायचा आणि पुढे गेल्यावर खाली बसायचा. पंधरवड्यात उद्यानात उंच गवताची बेटं उभी राहिली. गावाला वेगळं सांगायची गरज पडली नाही. माणसं येऊन बेटांपाशी बसायला लागली. कोणतं कोणाचं याच्यावरून एकदा भांडण झालं, मग समजूत झाली. गिरणीजवळच्या बेटात कोणीतरी हिरव्या बांगड्या ठेवल्या. लक्ष्मणने फोटो दाखवत फिरणं सोडलं. तो जेवायला लागला, वेळेवर झोपायला लागला.

आणि निळी कड रुंद होत होती.

वसाहत रिकामी करायचा आदेश आला त्या सकाळी आभाळ भरलेलं होतं. ओढ्याजवळ दोन बस उभ्या राहिल्या. एरवी कळंबदरीची माणसं डोंगरावर ढग दिसला तरी गाठोडी बांधायची. आज गाठोडी दिसत नव्हती. बायका बेटांपाशी बसून होत्या.

“नऊ वर्षांनी माणसं सापडली,” गिरणीवाल्याची आई अधिकाऱ्याला म्हणाली, “आणि आता सोडून जा म्हणता?”

इरावती सगुणाकडे आली. तिचा चेहरा उतरला होता. “मी तो रंग दाखवायलाच नको होता. अजून पुसता येईल, ताई. चूक होती म्हणून सांगू. तुम्ही डेक खाली करा, बेटं कापून टाका. माणसं उठतील.”

“आणि परत शोधत फिरतील,” सगुणा म्हणाली.

तरी ती ट्रॅक्टरवर बसली. मोटरची तार तिने उपसून काढली, पाती सुरू केली आणि हळूहळू वळणाकडे निघाली. लक्ष्मण गुडघे पोटाशी घेऊन बेटाजवळ बसला होता. मागे डोंगरावर कुठेतरी एक दगड सुटला आणि गडगडत थांबला. ट्रॅक्टरवर समोर लावलेला पडदा कडेपासून वळणाच्या पार निळा झाला होता, आणि त्या निळ्याच्या मधोमध ते दोन पिवळे ठिपके.

तिने ट्रॅक्टर त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा केला. पाती फिरत राहिली.

“उठा, भावजी. बस थांबलीय.”

त्याने मान वर केली. डोळे कोरडे होते. तिला विरोध करायचा असं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. त्याला खरंच विचारायचं होतं.

“वैनी, पाणी आलेलं गवताला कळतं. माणूस मातीत असल्याचंही कळतं,” तो म्हणाला. “मग मी इथून उठून गेलो, तर तेही कळेल का गं?”