सहवासांक त्र्याण्णव

थुंकीच्या दोन नळ्या सहवासमापकाच्या तोंडात गेल्या आणि यंत्रानं पोट बिघडल्यासारखा आवाज काढला.

"एकतीस," डॉक्टर बारटक्के पडद्याकडे बघत म्हणाल्या. इचलकरंजीतली ही विमा कंपनीची प्रयोगशाळा त्याच चालवायच्या.

"चांगलं का वाईट?" प्रणाली तोडकरनं विचारलं.

"साठ लागतात," कंपनीचे अधिकारी रास्ते म्हणाले. "एकतीस म्हणजे... कसं सांगू? एकाच बसस्टॉपवर रोज भेटणारी माणसं."

"साहेब, तेवीस वर्षं झाली लग्नाला!" सूरज तोडकर उसळला. "हळदीचे फोटो दाखवू?"

"फोटो सगळेच दाखवतात. मागच्या वर्षी एका पॉलिसीवाल्याच्या अकरा बायका सापडल्या. अकराही जणींचे गुडघे खराब. ऑपरेशन लागलं की करा कागदावर लग्न! म्हणून तर हे यंत्र आणलं."

बारटक्के बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, आपल्या अंगावर, तोंडात, आतड्यात अब्जावधी जंतू असतात. प्रत्येकाची भेसळ वेगळी. तिला आम्ही जंतुठसा म्हणतो. पण दोन माणसं एका घरात राहिली, एका भांड्यातलं जेवली, एका खोलीत झोपली, की हे जंतू इकडचे तिकडे होतात. ठसे एकमेकांसारखे व्हायला लागतात. किती सारखे झाले, तो सहवासांक. कागद खोटा बनवता येतो, जंतू नाही."

"मग आमचंच का जुळंना?"

"एकत्र जेवता कधी?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. सूरज यंत्रमागावर रात्रपाळीला, प्रणाली शिवणकारखान्यात दिवसपाळीला. तो जिना चढायचा तेव्हा ही उतरायची. डबे दोन, वेळा दोन. रविवारी तो मेल्यागत झोपायचा आणि ही कपडे धुवायची.

"पलंग एकच हाय," प्रणाली म्हणाली. "पाळीपाळीनं वापरतो. गादी कधी गार पडत न्हाई बघा."

रास्तेंना हसू आलं, पण त्यांनी ते फाईलमध्ये घातलं. प्रकरण हसण्यासारखं नव्हतं. प्रणालीच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. दोन महिन्यांच्या आत बदला, असं डॉक्टरांनी बजावलेलं. कारखान्यानं तिला कंत्राटी केलं तेव्हाच तिचा स्वतःचा विमा गेला होता. सूरजची बायको म्हणून त्याच्या पॉलिसीत शिरली, तर पहिल्या दिवसापासून संरक्षण. नाहीतर ती नवी गिऱ्हाईक, आणि नव्या गिऱ्हाइकाच्या जुन्या आजाराला दोन वर्षांची प्रतीक्षा.

"दोन वर्षांनी काय माझ्या फोटोचं ऑपरेशन करणार?" तिनं विचारलं.

"कलम चौदा," रास्तेंनी वाचून दाखवलं. "यंत्राचा निकाल अंतिम आणि दोन्ही पक्षांवर बंधनकारक. माझ्या आधीच्या साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. आता घरी बसलेत. तीस दिवसांनी फेरतपासणी मिळेल. एकदाच."

सूरजनं मागावरच्या मुकादमाच्या, गफूरभाईच्या, हातापाया पडून दिवसपाळी मागून घेतली आणि तोडकरांच्या घरात तेवीस वर्षांनी संसार सुरू झाला. ताट एक, तांब्या एक, टॉवेल एक.

"ब्रश पण?" सूरज किंचाळला.

"झडप कुणाची जाणार हाय? चूळ भरा आणि गप बसा."

पहिले तीन दिवस दोघं हॉस्टेलात नवी आलेली पोरं भांडावीत तशी भांडली. बायको चहात भडंग टाकून खाते हे त्याला तेव्हा कळलं. नवरा झोपेत "दोरा तुटला, दोरा तुटला" म्हणून ओरडतो हे तिला कळलं.

चौथ्या दिवशी पहाटे सूरजला जाग आली. खोलीत कुणीतरी फुटक्या ट्यूबमध्ये हवा भरत होतं. बघतो तर प्रणाली भिंतीला टेकून बसलेली, तोंड उघडं.

"हे कधीपासनं?"

"वरीस झालं. आडवं पडलं की येतंय."

"बोलली न्हाईस?"

"कुणाला बोलू? उशीला?"

त्यानंतर सूरजचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. मागावर उभा असला तरी कानात ती ट्यूब. तिचा उरलेला चहा तो दिवसातून दहा वेळा प्यायला लागला. तिनं चाटलेला चमचा चाटायचा, तिनं चावलेला पेरू चावायचा. साठ नाही आले तर? असं म्हणून परत चावायचा.

एकतिसाव्या दिवशी यंत्र पुन्हा गुरगुरलं.

"त्र्याण्णव!" बारटक्के बाई ओरडल्या.

सूरजनं शिट्टी मारली. रास्तेंचा चेहरा मात्र उतरला.

"नव्वदच्या वर गेलं हो," ते म्हणाले.

"मग पेढे द्या की!"

"वरही एक रेघ आहे," बारटक्के बाई हळूच म्हणाल्या. "काही लबाड दोन्ही नळ्यांत एकाच माणसाला थुंकायला लावायचे. एकाच माणसाचे दोन नमुनेसुद्धा शंभर टक्के जुळत नाहीत, नव्वदच्या पुढे जुळतात. म्हणून नव्वदच्या वर गेलं की यंत्र सांगतं, हा एकच माणूस आहे. नवरा-बायको तिथवर जातील असं मला वाटलंच नव्हतं. तुम्ही नक्की केलंत काय?"

"ते इचारू नका," सूरज म्हणाला. "साहेब, आम्ही दोघं उभं हाय की समोर!"

रास्ते फरशीकडे बघत राहिले. "मला दोन दिसतात. यंत्राला एक दिसतो. आणि माणूस स्वतःचीच बायको असू शकत नाही. अर्ज नामंजूर."

प्रणालीनं टेबलाची कड धरली. दोनदा श्वास घेतला, तिसरा अर्धाच आला. आणि मग तिच्या डोळ्यांत काहीतरी खट्याळ चमकलं.

"साहेब, किती माणसं म्हणालात?"

"एक."

"नाव काय त्याचं?"

"पॉलिसीवर आहे ते. सूरज तोडकर."

"ह्या सूरज तोडकरची दोन वर्षांची प्रतीक्षा कधी संपली?"

"पॉलिसी सहा वर्षांपूर्वीची, म्हणजे प्रतीक्षा संपली चार वर्षां..." रास्तेंना स्वतःचं वाक्य ऐकू आलं आणि ते थांबले.

"तर त्या माणसाची झडप खराब झालीया. हा घ्या रिपोर्ट."

"अहो, पण हा रिपोर्ट तुमचा आहे!"

"तुमचा म्हंजे कुणाचा?"

रास्तेंनी नियमांचं पुस्तक पुढून मागे चाळलं, मग मागून पुढे. बारटक्के बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे गदागदा हलत होते.

"दोन माणसं म्हणालात तर मी बायको. एक म्हणालात तर मी हेच," प्रणालीनं सूरजकडे बोट दाखवलं. "कलम चौदा मी वाचू का तुम्ही वाचताय?"

रास्तेंना घरी बसलेले आधीचे साहेब आठवले असणार. त्यांनी शिक्का काढला, त्यावर हाः करून फुंकर मारली आणि ठोकला.

शिक्का बसल्यापासून आठव्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात नर्सनं हाक मारली, "सूरज तोडकर कोण?"

दोघंही उठली. नर्सनं कागद पाहिला, दोघांकडे पाहिलं, कागद पुन्हा पाहिला आणि कपाळाला हात लावला. कंपनीचं पत्र तिनं आधीच वाचलेलं असावं.

"पेशंटनं काल संध्याकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"न्हाई," प्रणाली म्हणाली.

"न्हाई," सूरजही म्हणाला. त्याचे ओठ सुकलेले होते आणि पोटातून आवाज येत होता.

"अहो, तुम्ही कशाला उपाशी राहिलात?"

सूरजनं बायकोची पिशवी खांद्याला अडकवली.

"निकाल दोन्ही पक्षांवर बंधनकारक हाय, सिस्टर."